गोल्फच्या मेजर स्पर्धांनी देशोदेशी फिरावे का?

या महिन्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची आहेत, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पुरुषांच्या गोल्फमधील ज्या चार स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात, त्यांपैकी मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप आणि यूएस ओपन या तीन स्पर्धा अमेरिकेत होतात, तर ‘द ओपन’ ही सर्वांत जुनी स्पर्धा युनायटेड किंग्डममध्ये होते. ही वाटणी न्याय्य आहे का आणि ती बदलावी का, हा या पत्रांतील मुख्य मुद्दा आहे. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी निवृत्त शिक्षक असून नातवाच्या नादाने चार-पाच वर्षांपासून गोल्फ पाहू लागलो आहे. क्रिकेटचा विश्वचषक कधी भारतात, कधी इंग्लंडमध्ये, तर कधी ऑस्ट्रेलियात भरतो. ऑलिंपिक दर वेळी नव्या शहरात जाते. गोल्फचे खेळाडू जगभरातून येतात, मग मोठ्या स्पर्धा मात्र दोनच देशांनी का अडवून ठेवाव्यात? चारही स्पर्धा आळीपाळीने सर्व देशांत भरवाव्यात, असे आपणास वाटत नाही का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातील खंत मला पूर्णपणे मान्य आहे, उपाय मात्र अर्धाच मान्य आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. चारांपैकी पीजीए चॅम्पियनशिप ही एक स्पर्धा दर काही वर्षांनी अमेरिकेबाहेर गेलीच पाहिजे. उरलेल्या तिन्ही स्पर्धांनी आपापल्या भूमीवरच राहावे.

क्रिकेटच्या विश्वचषकाची उपमा येथे पुरती लागू पडत नाही, कारण विश्वचषक एका जागतिक संघटनेच्या मालकीचा आहे आणि तो कोणत्या देशाला द्यायचा, हे ती संघटना ठरवते. गोल्फच्या चार मेजर स्पर्धांचे मालक चार आहेत आणि ते एकमेकांना बांधील नाहीत. मास्टर्स ही ऑगस्टा नॅशनल या एका खासगी क्लबची स्पर्धा आहे. यूएस ओपन ही यूएसजीए या अमेरिकी नियामक संस्थेची. पीजीए चॅम्पियनशिप ही पीजीए ऑफ अमेरिका या व्यावसायिकांच्या संघटनेची, आणि द ओपन ही स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे मुख्यालय असलेल्या आर अँड ए या संस्थेची. त्यामुळे ‘या स्पर्धा फिरवा’ असा आदेश देण्याचा अधिकार जगात कोणालाही नाही. जे काही घडेल, ते या चौघांपैकी एखाद्याने स्वतःहून मनावर घेतले तरच घडेल.

मात्र स्पर्धा फिरवण्याची कल्पना गोल्फला परकी आहे, असे समजू नये. उलट या खेळाची सर्वांत जुनी स्पर्धा आज जिवंत आहे, ती फिरण्यामुळेच. द ओपन १८६० मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे सुरू झाली, तेव्हा तीत केवळ ८ खेळाडू होते आणि विजेत्याला लाल चामड्याचा पट्टा मिळत असे. सलग तीनदा जिंकणाऱ्याने तो पट्टा कायमचा घरी न्यावा, असा नियम होता. टॉम मॉरिस धाकटा याने १८६८, १८६९ आणि १८७० ही तिन्ही वर्षे जिंकून पट्टा नेला आणि देण्याजोगे बक्षीसच न उरल्याने १८७१ मध्ये स्पर्धा झालीच नाही. तेव्हा प्रेस्टविकसह तीन क्लब एकत्र आले, त्यांनी वर्गणी काढून चांदीचा नवा चषक करवून घेतला आणि स्पर्धा तिघांच्या मैदानांवर आळीपाळीने घ्यायचे ठरवले. १८७३ मध्ये ती सेंट अँड्र्यूजला गेली आणि १८७४ मध्ये मसलबराला. पुढे १८९४ मध्ये तिने प्रथमच स्कॉटलंडची वेस ओलांडली व ती इंग्लंडमधील सँडविच येथे भरली, आणि १९५१ मध्ये समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडमधील पोर्टरशला पोचली. एवढे फिरूनही ती आजतागायत युनायटेड किंग्डमच्या बाहेर मात्र गेलेली नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ‘मेजर’ हा दर्जा कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सने १९३० मध्ये ज्या चार स्पर्धा जिंकून इतिहास घडवला, त्यांत दोन हौशी खेळाडूंच्या होत्या, आणि मास्टर्स तर तेव्हा अस्तित्वातही नव्हती. १९५३ मध्ये अमेरिकेचा बेन होगन द ओपन खेळायला आयुष्यात एकदाच स्कॉटलंडमधील कार्नूस्टीला गेला आणि जिंकला, पण त्याच वर्षी त्याला पीजीए चॅम्पियनशिप खेळता आली नाही, कारण दोन्हींच्या तारखा एकमेकींवर आल्या होत्या. ज्यांना आज आपण एकाच माळेचे मणी मानतो, त्या स्पर्धांचे आयोजक सत्तर वर्षांपूर्वी एकमेकांचे वेळापत्रकही पाहत नव्हते. त्या काळात अनेक अमेरिकी खेळाडू जहाजाचा प्रवास, पात्रता फेरीची सक्ती आणि तुटपुंजे बक्षीस यांमुळे द ओपनकडे पाठच फिरवत असत. १९६० मध्ये अमेरिकेचा अर्नोल्ड पामर मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून सेंट अँड्र्यूजला गेला, तेथे ऑस्ट्रेलियाच्या केल नेगलमागे एका फटक्याने दुसरा आला, आणि पुढची दोन वर्षे लागोपाठ जिंकला. पामर जातो म्हटल्यावर इतरही जाऊ लागले. चार मेजरची आजची कल्पना खरी रुजली ती त्या सुमारास. हा इतिहास मी मुद्दाम सविस्तर सांगत आहे, कारण सर्वोत्तम खेळाडू जेथे जातात तेथेच स्पर्धा मोठी होते, हे त्यातून दिसते, आणि पुढच्या पत्राचा सगळा भार याच मुद्द्यावर आहे.

प्रश्न : आम्ही सतरा वर्षे मेलबर्नमध्ये आहोत आणि घरातले सगळे गोल्फ खेळतात. येथील वाळूच्या पट्ट्यातली मैदाने पाहायला जगभरातून लोक येतात, पण येथे एकही मेजर स्पर्धा होत नाही. टेनिसची ग्रँड स्लॅम स्पर्धा मेलबर्नला मिळू शकते, तर गोल्फची का नाही? ऑस्ट्रेलियन ओपनलाच पाचवी मेजर करावी की अमेरिकेची एखादी स्पर्धा येथे आणावी?
(एक वाचक भगिनी, मेलबर्न)

उत्तर : ताई, आपल्या शहराचा दावा जगातील कोणत्याही शहराइतका बळकट आहे, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता लिहितो. मेलबर्नच्याच पीटर थॉमसनने द ओपन पाच वेळा जिंकली, त्यांपैकी १९५४, १९५५ आणि १९५६ ही तीन वर्षे सलग. रॉयल मेलबर्न या क्लबचे पश्चिमेकडील मैदान ज्याच्या आराखड्यावर उभे राहिले, तो ॲलिस्टर मॅकेंझी १९२६ मध्ये आपल्या शहरात आला होता. पुढे त्यानेच बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा नॅशनल आखले. म्हणजे दरवर्षी एप्रिलमध्ये सारे जग डोळे भरून पाहते ती ऑगस्टाची रुंद फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) आणि उतरती ग्रीन (खळगीभोवतीची बारीक गवताची जागा), आणि आपण शनिवारी सकाळी जी पाहायला जाता ती मेलबर्नची ग्रीन, या एकाच डोक्यातून निघालेल्या आहेत. प्रेसिडेंट्स कप ही सांघिक स्पर्धा रॉयल मेलबर्नवर १९९८, २०११ आणि २०१९ अशी तीनदा झाली, तेव्हा मैदानाच्या योग्यतेबद्दल कोणी शंका घेतली नाही.

तरीही एक कटू आठवण सांगणे भाग आहे. १९९९ मध्ये जगातील प्रमुख व्यावसायिक संघटनांनी एकत्र येऊन ‘वर्ल्ड गोल्फ चॅम्पियनशिप्स’ या नावाने काही स्पर्धा सुरू केल्या. मोठा खेळ अमेरिकेबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत पोचवणे, हा त्यांचा घोषित हेतू होता. त्यांपैकी मॅच प्ले, म्हणजे एकास एक सामन्यांची बाद पद्धतीची, स्पर्धा जानेवारी २००१ मध्ये मेलबर्नच्या मेट्रोपॉलिटन क्लबवर ठेवली गेली. नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्या नुकत्याच संपत होत्या, प्रवास लांबचा होता, आणि पहिल्याच फेरीत हरलो तर एका दिवसात परत फिरायचे, हा विचार खेळाडूंच्या मनात होता. टायगर वुड्ससह कितीतरी आघाडीचे खेळाडू आलेच नाहीत. ५५वे मानांकन असलेला स्टीव्ह स्ट्रिकर जिंकला. त्याच्या खेळाला मुळीच कमी लेखायचे नाही, परंतु पुढच्या वर्षी स्पर्धा मुकाट्याने कॅलिफोर्नियाला परतली. काही वर्षांतच या मालिकेतील बहुतेक स्पर्धा अमेरिकेत स्थिरावल्या आणि २०२३ नंतर ती मालिकाही उरली नाही. ज्यांना मेजर स्पर्धा जगभर फिराव्यात असे मनापासून वाटते, त्यांनी या फसलेल्या प्रयोगाकडे डोळेझाक करू नये. स्पर्धा उचलून दुसऱ्या देशात ठेवली, पण तिच्यासाठी वेळापत्रकात जागा केली नाही, तर ती तेथे रुजत नाही.

आपण टेनिसचा दाखला दिला, तो म्हणूनच फार मोलाचा आहे. मेलबर्नची टेनिस स्पर्धा नावाने ग्रँड स्लॅम असूनही सत्तरच्या दशकात तिची अवस्था अशीच होती. ती नाताळच्या तोंडावर खेळली जाई आणि मोठे खेळाडू येत नसत; ब्यॉर्न बोर्ग आयुष्यात तेथे एकदाच खेळला. पुढे तारखा जानेवारीच्या मध्यावर आणल्या, १९८८ मध्ये फ्लिंडर्स पार्कचे नवे संकुल उघडले, बक्षिसे वाढवली, आणि आज खेळाडू त्या स्पर्धेची वर्षभर वाट पाहतात. मेलबर्नने हा दर्जा कमावला आणि त्यासाठी दहा-बारा वर्षे चिकाटीने पैसा व श्रम घातले.

आता आपल्या थेट प्रश्नाकडे येतो. पाचवी मेजर करण्याच्या मी विरोधात आहे. चार हा आकडा आता खेळाडूंच्या कारकिर्दीचे माप झाला आहे. जॅक निकलसच्या १८ मेजर विजेतेपदांशी आजच्या खेळाडूची तुलना करायची, तर माप तेच राहिले पाहिजे. त्यापेक्षा पीजीए चॅम्पियनशिप बाहेर काढणे मला अधिक योग्य वाटते, आणि त्याचे कारण त्या स्पर्धेच्या स्वभावातच आहे. मास्टर्स म्हटले की ऑगस्टा डोळ्यांपुढे येते. द ओपन म्हटले की समुद्रकाठचे वारे आणि वाळूचे खोल खड्डे. यूएस ओपन म्हटले की अरुंद फेअरवे, गुडघ्याएवढे गवत आणि एकेका फटक्यासाठीची झुंज. पीजीए चॅम्पियनशिपला असा चेहरा नाही. १९१६ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९५७ पर्यंत एकास एक अशा सामन्यांची होती आणि १९५८ पासून फटके मोजण्याच्या पद्धतीने खेळली जाऊ लागली. अनेक दशके ती ऑगस्टमध्ये होत असे, २०१९ पासून मे महिन्यात होते. इतके बदल पचवलेल्या स्पर्धेला आणखी एक बदल जड जाणार नाही. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी २०१३च्या सुमारास ती परदेशी नेण्याचा विचार उघडपणे मांडलाही होता, परंतु तो पुढे सरकला नाही.

तो का सरकला नाही, याची कारणे खरी आहेत आणि ती मान्य करूनच पुढे जावे लागेल. पीजीए ऑफ अमेरिका ही क्लबमध्ये शिकवणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या, सकाळी सहाला सराव-मैदान उघडणाऱ्या व्यावसायिकांची संघटना आहे आणि त्यांच्यातील २० जणांना दरवर्षी या स्पर्धेत खेळण्याचा मान मिळतो. त्यांच्या दृष्टीने ही घरची स्पर्धा आहे. ती मेलबर्नला गेली, तर त्यांच्या जागांचे काय? माझे उत्तर असे आहे की, त्या वर्षी काही जागा त्यांच्याकडेच राहाव्यात आणि काही यजमान देशातील क्लब-व्यावसायिकांना द्याव्यात. हे काम करणारी माणसे ऑस्ट्रेलियात आणि जपानमध्येही आहेत आणि त्यांचेही आयुष्य तेवढेच कष्टाचे आहे. दुसरे कारण मैदानांच्या आरक्षणाचे. पुढील अनेक वर्षांची स्थळे आधीच दिली गेली आहेत. २०२७ची स्पर्धा तर संघटनेच्या स्वतःच्या नव्या मुख्यालयालगत, टेक्सासमधील फ्रिस्को येथे आहे. त्यामुळे आज निर्णय झाला, तरी प्रत्यक्ष प्रवासाला दशक लागेल.

दूरचित्रवाणीची अडचण मात्र सांगितली जाते तेवढी मोठी नाही. ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात मेलबर्न न्यूयॉर्कच्या १६ तास पुढे असते, म्हणजे रविवारी दुपारी एक वाजता मेलबर्नला शेवटचे नऊ होल सुरू झाले, तर न्यूयॉर्कमध्ये शनिवारची रात्र नऊची वेळ असेल आणि लोक जेवून निवांत बसलेले असतील. भारतात तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतील. मास्टर्सचा शेवटचा पुट (चेंडू खळगीत ढकलण्याचा हलका फटका) पाहण्यासाठी जे सोमवारी पहाटे साडेचारपर्यंत जागतात, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. दर चौथ्या वर्षी ही स्पर्धा अमेरिकेबाहेर जावी, पहिला मान रॉयल मेलबर्नला मिळावा, त्यानंतर जपान आणि दक्षिण आफ्रिकेचा विचार व्हावा, आणि त्या वर्षी तिच्या आधीचे दोन आठवडे मोठी स्पर्धा ठेवू नये, असे मला वाटते. शेवटची अट पाळली नाही, तर २००१ची पुनरावृत्ती होईल.

प्रश्न : मास्टर्स दरवर्षी ऑगस्टा येथेच होते. एका श्रीमंत क्लबची ही मक्तेदारी नव्हे काय? निदान ही स्पर्धा तरी फिरवायला नको का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऑगस्टा नॅशनलच्या इतिहासात लाज वाटावी अशा गोष्टी आहेत. तेथे १९७५ मध्ये ली एल्डर खेळेपर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू मास्टर्समध्ये उतरला नव्हता, पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये आला आणि स्त्रियांना सभासदत्व मिळायला २०१२ उजाडले. त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. परंतु स्थळाचा प्रश्न वेगळा आहे. मास्टर्स १९३४ पासून एकाच मैदानावर होत असल्यामुळे प्रेक्षकाला ते मैदान स्वतःच्या वाड्याइतके परिचयाचे झाले आहे. बाराव्या होलवर नाल्यापलीकडची अरुंद ग्रीन दिसली की पूर्वी तेथे कोणाकोणाचा चेंडू पाण्यात गेला होता, हे आपल्याला आठवते आणि समोरचा खेळाडू हातातली काठी बदलतो तेव्हा आपल्याही हाताला घाम सुटतो. हे नव्या मैदानावर होऊ शकत नाही. २०२१ मध्ये जपानचा हिदेकी मात्सुयामा जिंकला, तेव्हा त्याच्या कॅडीने, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, अठराव्या होलवर झेंड्याची काठी परत खोचली, टोपी काढली आणि रिकाम्या फेअरवेकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. जपानी माणसाने अमेरिकेतल्या मैदानाला केलेला तो नमस्कार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही स्पर्धा तेथून हलवावी असे वाटेल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : सगळी चर्चा पुरुषांच्या स्पर्धांचीच होते. स्त्रियांच्या गोल्फमध्ये काय स्थिती आहे?
(एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. स्त्रियांच्या पाच मेजर स्पर्धा आहेत. त्यांपैकी तीन अमेरिकेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक फ्रान्समधील एव्हियाँ येथे होते. शिवाय स्त्रियांच्या गोल्फने मेजरचा दर्जा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना पाहिला आहे. १९७९ ते २००० या काळात कॅनडातील द्यु मोरिए क्लासिक ही मेजर होती. तंबाखू कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर तेथे निर्बंध आल्याने तिचा आधार गेला आणि २००१ पासून तिची जागा ब्रिटिश ओपनने घेतली. एव्हियाँला २०१३ मध्ये हा दर्जा दिला आणि त्याच वर्षी तिला सप्टेंबरात ढकलले. पावसामुळे ती ७२ऐवजी ५४ होलांवर आटोपावी लागली, २०१७ मध्ये पुन्हा तेच झाले आणि अखेर २०१९ मध्ये तिला जुलैत परत आणावे लागले. ऋतू न पाहता ठरवलेल्या तारखांचा हा परिणाम होता.

स्थलांतराची दुसरी बाजूही सांगतो. कॅलिफोर्नियातील मिशन हिल्स येथे १९७२ पासून स्त्रियांच्या आजच्या मेजर स्पर्धांपैकी एक होत असे आणि तिची विजेती अठराव्या ग्रीनशेजारच्या तळ्यात उडी मारत असे. ही प्रथा १९८८ मध्ये एमी ऑल्कॉटपासून सुरू झाली. २०२३ मध्ये ती स्पर्धा टेक्सासला नेली. तेथील विजेती लिलिया वू हिनेही पाण्यात उडी घेतली, पण ज्यांनी जुने तळे पाहिले आहे त्यांच्या मनात काहीतरी तुटले. बक्षिसे वाढली, हे चांगलेच झाले. गेले ते पैशाने भरून निघणारे नव्हते.

तरीही स्त्रियांच्या एका मेजरने आशियात यावे, हा आग्रह मी धरीन, आणि तो पुरुषांच्या बाबतीतल्या आग्रहापेक्षा अधिक तीव्र आहे. १९९८ मध्ये कोरियाची से री पाक स्त्रियांची यूएस ओपन जिंकली आणि तिला पाहून तिच्या देशातल्या मुलींची एक अख्खी पिढी या खेळात उतरली. तेव्हापासून स्त्रियांच्या गोल्फचा मोठा भार कोरिया, जपान आणि थायलंडच्या खेळाडूंनी वाहिला आहे, आणि त्यांच्यापैकी कोणालाही आजवर आपल्या घरच्या प्रेक्षकांपुढे मेजर जिंकता आलेली नाही. आपली अदिती अशोक २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ती जपानच्या कासुमिगासेकी मैदानावर. त्या शनिवारी पहाटे, गोल्फची काठी कधी हातात न धरलेली कितीतरी माणसे आपल्याकडे टीव्हीपुढे बसली होती. आशियात, आशियाच्या वेळेला, आशियाची मुलगी पदकासाठी खेळत होती म्हणूनच हे घडले.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि मुंबईत गोल्फ शिकते. मेजर स्पर्धा भारतात आली तर तिच्यासारख्या मुलांचे काय भले होईल? आणि ती येण्याची शक्यता तरी आहे का?
(एक पालक, चेंबूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आपणास आवडणार नाही. येत्या काही वर्षांत भारतात मेजर स्पर्धा होईल, असे मला वाटत नाही. मैदान उत्तम असले म्हणजे झाले, असे नसते. पोर्टरशचे उदाहरण घ्या. १९५१ नंतर ६८ वर्षांनी, म्हणजे २०१९ मध्ये, द ओपन तेथे परतली. तत्पूर्वी त्या भूमीने हिंसाचाराची तीस वर्षे सोसली होती. स्पर्धा परत येणार हे २०१४ मध्ये ठरले, आणि त्यानंतर त्या जुन्या, नावाजलेल्या क्लबला आपले शेवटचे दोन होल सोडून द्यावे लागले, कारण प्रेक्षकांच्या तंबूंना आणि सोयींना जागा नव्हती. त्यांच्या बदल्यात शेजारच्या मैदानाच्या जमिनीत दोन नवे होल तयार करण्यात आले. आठवड्याभरात दोन लाख सदतीस हजारांहून अधिक लोक आले. आयर्लंड प्रजासत्ताकाचा शेन लोरी जिंकला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे पावसात भिजत त्याच्या नावाचा गजर करत होती. एखाद्या मैदानाची मोठी स्पर्धा कशी असावी, याचे याहून सुंदर चित्र मला ठाऊक नाही, पण त्यामागे पाच वर्षांची तयारी होती.

दिल्ली गोल्फ क्लब हे आपले सर्वांत मानाचे मैदान. झुडपांमधून गेलेल्या चिंचोळ्या फेअरवे, मधूनच दिसणारे जुने घुमट, ग्रीनवर निवांत फिरणारे मोर असे त्याचे रूप आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे झालेल्या युरोपीय दौऱ्याच्या स्पर्धेत रॉरी मॅकिलरॉय खेळला, तेव्हा त्याने त्या चिंचोळेपणामुळे ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) वापरायचाच नाही, असे ठरवले. टॉमी फ्लीटवूड जिंकला. स्पर्धा देखणी झाली. परंतु भर शहरातल्या त्या मैदानावर मेजरचा लवाजमा मावणार नाही, मे-जूनमधला दिल्लीचा उन्हाळा कोणाला सोसणार नाही आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुक्यामुळे खेळ सुरू होणार नाही. हवामान पाहता पुणे किंवा बंगळूर अधिक योग्य ठरावे, मात्र तेथेही तेवढ्या गर्दीची व्यवस्था शून्यातून उभारावी लागेल.

आता मुलीच्या भल्याचा प्रश्न. येथे मला असे आढळते की स्पर्धा कोठे होते, यापेक्षा तिच्यापर्यंत पोचण्याची वाट कोठून सुरू होते, याला अधिक महत्त्व आहे. यूएसजीएने २००५ मध्ये यूएस ओपनची अंतिम पात्रता फेरी प्रथमच इंग्लंड आणि जपानमध्ये घेतली. न्यूझीलंडचा मायकेल कॅम्पबेल इंग्लंडमधल्या त्या फेरीतून पात्र ठरला, अमेरिकेला गेला आणि टायगर वुड्सला मागे टाकून तीच स्पर्धा जिंकला. ती फेरी अमेरिकेतच असती, तर तो खेळायला गेला असता की नाही, कोण जाणे. मास्टर्स आणि आर अँड ए यांनी २००९ मध्ये आशिया-पॅसिफिक प्रदेशातील हौशी खेळाडूंसाठी स्पर्धा सुरू केली आणि तिच्या विजेत्याला मास्टर्सचे निमंत्रण देऊ केले. मात्सुयामा २०१० मध्ये ती जिंकला, २०११ मध्ये ऑगस्टात सर्वोत्तम हौशी खेळाडू ठरला आणि दहा वर्षांनी मास्टर्सच्या विजेत्याचा हिरवा कोट घालून उभा राहिला. दोन्ही वेळा स्पर्धा आपल्या जागेवरूनच हललेली नव्हती.

भारतीयांच्या बाबतीतही हेच दिसते. जीव मिल्खासिंग २००८च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त नववा, अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत संयुक्त पाचवा, शुभंकर शर्मा २०२३च्या द ओपनमध्ये संयुक्त आठवा आला. हे तिघेही आशिया व युरोपातल्या स्पर्धा खेळत तेथवर पोचले. आणि त्यांच्याही आधी इंडियन ओपन होती. ती १९६४ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिला विजेता ठरला तोच मेलबर्नचा पीटर थॉमसन. १९९१ मध्ये अली शेर ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, आणि अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवरचा कॅडी होता. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकणारा एस. एस. पी. चौरासिया हा कलकत्त्याच्या रॉयल क्लबवर ग्रीनची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. १८२९ मध्ये स्थापन झालेला तो क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आहे, आणि त्याच्या गवतावर बापाच्या मागे फिरत हा मुलगा खेळ शिकला.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. २०२५ मध्ये मास्टर्सच्या आयोजकांनी जाहीर केले की स्कॉटलंड, स्पेन, जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या राष्ट्रीय ओपन स्पर्धांच्या विजेत्यांना यापुढे थेट निमंत्रण मिळेल. या यादीत इंडियन ओपन नाही. ती असावी, यासाठी आपल्या गोल्फ संघटनेने बोलणी केली पाहिजेत, त्यासाठी स्पर्धेचा दर्जा आणि बक्षीस वाढवले पाहिजे, आणि स्त्रियांच्या इंडियन ओपनसाठी तसाच मार्ग स्त्रियांच्या मेजर स्पर्धांकडे मागितला पाहिजे. तोवर आपण एक करू शकता. दरवर्षी स्त्रियांची इंडियन ओपन होते तेव्हा मुलीला चार दिवस तेथे न्या. पहिला फटका मारतात त्या ‘टी’पाशी गर्दी असते, तेथे थांबू नका. सराव-ग्रीनच्या दोरीला लागून उभे राहा आणि परदेशी खेळाडू तीन-तीन फुटांचे पुट शंभर-शंभर वेळा कसे मारतात, ते तिला पाहू द्या.